हंडा रिकामा न्यायचा नाही

गयाआत्याने कोणाचं भांडं रिकामं परत केल्याचं मला आठवत नाही. हदगावला आमच्या गल्लीत वाट्या सारख्या इकडून तिकडे फिरायच्या. कोणी कालवण पाठवायचं, कोणी धपाटे. वाटी धुऊन झाली की आत्या ती हातात धरून घरभर फिरायची, आत काय घालावं म्हणून. घरात असलं तर मूठभर शेंगदाणे, नसलं तर चार हिरव्या मिरच्या, तेही नसलं तर खडेमीठ. एकदा तर परसातल्या झाडाचा कढीपत्ता तोडून घातला. शेजारच्या पारूमावशी वाटी घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "गयाबाई, वाटी धाडली व्हती साराची, आन् ही काय पाला भरून आली?"

आत्या चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "मंग? तुझ्या सारात न्हवताच कढीपत्ता. म्हनलं, इसरली असशील."

पारूमावशी हसत हसत शिव्या देत गेल्या. मी आत्याला विचारलं, घरात खरंच काही नसलं तर काय करायचं? ती म्हणाली, "मंग पानी घाल, सुनी. पर भांड्याला हात हलवत माघारी धाडू न्हाई. त्याला वाईट वाटतं." माणसाला की भांड्याला, ते तिने सांगितलं नाही.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला माहेरच्या एसटीत बसवून दिलं. तेव्हापासून ती आमच्यातच. बाबा तिला अक्का म्हणायचे, आईसुद्धा अक्काच म्हणायची. आई-बाबा दोघं कामाला जायचे, त्यामुळे मला आणि धाकट्या राहुलला तिनेच वाढवलं. मी लहानपणापासून भित्री. मास्तरांना भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, उद्या काय होईल याला भ्यायची. आत्या मला जवळ बसवून गोधडीची एक बाजू माझ्या हातात द्यायची. "भेव वाटून राहिलं का? वाटू दे. तू टाके घाल. भेव काय हात धरतंय व्हय तुझा?" मी टाके घालायची. भीती जायची नाही, पण गोधडी पुरी व्हायची.

मी आठवीत असताना बाबांचं जिनिंगमधलं काम सुटलं. कापसाचा हंगाम संपल्यावर मालकाने जिनिंगच बंद केली. मामाने लातूरपलीकडे मुरुडला एका डाळमिलमध्ये बाबांसाठी शब्द टाकला. काम मिळालं, मिलच्या गोदामामागे राहायला एक खोलीही मिळाली. पण मुकादमाने आधीच बजावलं होतं की खोलीत नवरा-बायको आणि लेकरं, एवढीच माणसं. आणखी कोणी दिसलं तर खोली खाली करायची.

म्हणजे आत्याचं काय, हा प्रश्न होता. बाबांनी लोह्याला त्यांच्या चुलतभावाच्या मुलाशी, प्रल्हाददादाशी, बोलून ठेवलं. त्याच्याकडे लहान लेकरं होती, शेळ्या होत्या, घरात बाईमाणूस हवंच होतं. लोहा आमच्या वाटेवरच. जाता जाता अक्काला तिथे उतरवायचं असं ठरलं. ठरलं ते आई-बाबांत. मला काही माहीत नव्हतं. आणि आत्याला सांगायचं कोणी, हे दोघांनी एकमेकांवर ढकललं. आई म्हणायची, "भन तुमची हाय." बाबा म्हणायचे, "सांगतो की. जायच्या आधी सांगतो." हे सगळं आईने मला पुष्कळ नंतर सांगितलं.

इकडे आत्या सामान बांधत होती. तिची बांधायची रीत वेगळीच. नव्या घरात रिकामं भांडं न्यायचं नाही, म्हणून प्रत्येक भांड्याच्या पोटात काहीतरी. तांब्यात हळकुंडं, किटलीत लसूण, राहुलच्या लहानपणीच्या दूधवाटीत मीठ, पेल्यांमध्ये चहापूड आणि काड्यापेटी, पातेल्यात डाळ, डाळीत फुटू नये म्हणून आरसा. मग ते सगळं गोधड्यांत गुंडाळून वर सुतळी. आई म्हणाली, "अक्का, तिथं गेल्यावर सापडायचं कसं?"

"मी हाय नव्हं सांगायला, शांता," आत्या म्हणाली. आई मागल्या दाराने बाहेर गेली.

एक तांब्याचा मोठा हंडा तेवढा राहिला. आईच्या माहेरचा. एरवी त्यात ज्वारी असायची, पण त्या साली ती कधीच संपली होती. आत्याला घरात त्यात घालण्याजोगं काही सापडेना. तो तसाच टेम्पोत चढला.

सकाळी निघालो. पुढे ड्रायव्हर खाजाभाई, बाबा, आई, राहुल, आणि आईच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती. मागे सामानात मी, आत्या आणि तिचं बारकं गाठोडं. गल्लीतल्या बायका 'जय भीम' म्हणत टेम्पोमागे थोडं चालल्या. पारूमावशींना पदर डोळ्यांपासून काढवेना. आत्या मोठ्याने म्हणाली, "पारे, तुझी एक वाटी माझ्याकडं राहिली बघ. आता ती घ्यायला तुला मुरुडला यावं लागतंय!"

रस्ताभर ती हंड्याला टेकून बसली होती. खड्डा आला की हंडा घणघणायचा आणि तिचं तोंड वाकडं व्हायचं. "कसा बोंबलून राहिलाय बघ. पोट रिकामं हाय त्याचं." अर्धापूरला खाजाभाईने टेम्पो थांबवला. बाबा उतरून मागे आले. फळकुटाला धरून उभे राहिले, आत्याकडे बघितलं.

"काय रे किशना?"

"काही न्हाई. केळं खातीस का?"

"घे की. चांगला घड घे, हंड्यात घालते."

बाबांनी केळी आणून दिली आणि पुढे गेले. आत्याने केळी हंड्यात ठेवून पाहिली, मग काढली. "चेंगरत्याल. नव्या घरात काय चेंगरलेलं न्यायचं का?" मग ती आम्हीच खाल्ली.

नांदेडला गोदावरीच्या पुलाअलीकडे चहाला थांबलो. बाबा पुन्हा मागे आले, हातात दोन ग्लास. या वेळी आत्याच बोलली. "मुरुडला नळ हाय का रे? का लांबून आनावं लागतं? लांबून असंल तर पानी मी आनीन. शांताला कामावर जायचं राहील. अन् सुनीचं साळंत नाव घालाय मी येते तुझ्यासंगं, तू मास्तरापुढं गप बसतोस." बाबा ग्लास हातात धरून उभे होते. खाजाभाई पुढून ओरडला, "किशनभाऊ, चाय अम्मा को देव! उसको क्या सर्दी हुई क्या, पकडके खडे हैं!" आत्या हसली. बाबा हसले नाहीत. मला वाटलं, गाव सुटल्याचं त्यांना दुःख होत असेल.

लोह्याला प्रल्हाददादाच्या घरी जेवायला थांबलो. पिठलं-भाकरी होती. जेवणाआधी आत्या रांजणाजवळ हात धूत होती, मी तिच्या हातांवर पाणी घालत होते. बाबा आले आणि भिंतीकडे बघत बोलायला लागले.

"अक्का, तिथं खोली बारकी हाय. मुकादम लई कडक हाय म्हनत्यात. तवा... तू चार-सहा म्हैने हितं राहा. प्रल्हादला सांगितलंय. मी जागा बघतो, मंग न्यायला येतो."

माझ्या हातातला तांब्या तिरका झाला तो तसाच राहिला, पाणी सगळं तिच्या पायावर गेलं. आत्याने तो माझ्या हातातून काढून सरळ केला, हात धुऊन पुरे केले, पदराला पुसले.

"हाव," ती म्हणाली. "ये मंग न्यायला. जेवून घे आधी, भाकर निवून राहिली."

जेवताना तीच सगळ्यांना वाढत होती. आई भाकरीचे नुसते तुकडे मोडत होती. आत्या म्हणाली, "शांता, खा. पुढं लांबची वाट हाय." जेवणं झाल्यावर ती उठली. "सामान ढिलं झालं असंल, एकडाव बघते," असं म्हणून टेम्पोत चढली. मलाही वर बोलावलं आणि मग बाटलीत पाणी भरून आणायला खाली पाठवलं. मी परत आले तेव्हा ती हंड्याच्या तोंडावर फडकं बांधून सुतळीची गाठ मारत होती. तिने कमरेची पिशवी काढली आणि आतला अंगुस्ताना, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती पितळी टोपी, माझ्या हातात ठेवला. माझ्या बोटाला तो मोठा होता.

"आत चिंधी घालून वापर," ती म्हणाली. "अन् रडू नगंस. बापाला तुझ्यापेक्षा जास्त रडू येऊन राहिलंय, त्याला कामून लाजवतीस?"

टेम्पो निघाला तेव्हा तिने हात हलवला नाही. प्रल्हाददादाची एक शेळी रस्त्यावर आली होती, तिचं दावं आत्याच्या हातात होतं. एका हाताने शेळी ओढत ती वळली आणि घरात गेली. पुढे माळाकोळी, अहमदपूर, चाकूर, लातूर, मला काहीही दिसलं नाही. एवढंच कळलं की हंडा आता वाजत नव्हता.

मुरुडला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. खोलीत डाळीची पूड उडालेली, एक बल्ब. राहुल भुकेने रडायला लागला. आईने चूल मांडली, पण काड्यापेटी सापडेना. मीठ सापडेना. एकेक गाठोडं सोडायचं, त्यात भांडं, भांड्यात भांडं. आईने शेवटी दूधवाटी उघडली, त्यात मीठ होतं. ती वाटी मांडीवर घेऊन आई चुलीपुढे बसली. "मी हाय नव्हं सांगायला, म्हनली व्हती ती," एवढंच म्हणाली.

हंडा बाबांनी सोडला. आत आत्याचं दुसरं लुगडं होतं. दोनच होती तिची, एक अंगावर. लुगड्याखाली चोळी, फणी, पानाची चंची. तिचा सगळा संसार तेवढाच.

बाबा भिंतीला टेकले. "तिला ठावच न्हवतं. आपल्यासंगं येऊन राहिली म्हनून भरलं तिनं. अन् उतरताना काढून मागितलंबी न्हाई."

"न्हाई," आई म्हणाली. "हदगावात हंडा रिकामा व्हता. मी सोता चढवला. तिनं लोह्यात भरला. तुमी सांगितल्यावर."

दोघं किती तरी वेळ हेच बोलत राहिले. आईचं म्हणणं खरं होतं, मी आत्याला गाठ मारताना पाहिलंच होतं. पण बाबांना ते ऐकवत नव्हतं. आत्याला माहीत नव्हतं, हे त्यांना सोसलं असतं. माहीत झाल्यावरही अंगावरचं एक लुगडं ठेवून तिने बाकीचं आमच्या हंड्यात घातलं, हे त्यांना सोसेना.

पहिल्या सुट्टीला बाबा लुगडं परत द्यायला लोह्याला गेले. तिने काय म्हटलं ते त्यांनी घरी येऊन सांगितलं. "येडा हायस का किशना? शांताच्या म्हायेरचा हंडा. नव्या घरात बोंबलत गेला असता व्हय? दुसरं काय न्हवतं माझ्याकडं." तिने लुगडं ठेवून घेतलं. ज्या पिशवीतून ते नेलं होतं ती भुईमुगाच्या शेंगांनी भरून परत पाठवली.

जागा काही मिळाली नाही. चार-सहा महिने म्हणता वर्षं गेली. माझं नाव शाळेत घालायला मास्तरांपुढे बोलणारं कोणी नव्हतं. बाबा एकदा गेले, मास्तर दाखला आणा म्हणाले, तो हदगावला राहिलेला, मग राहूनच गेलं. मी एका ब्लाउज शिवणाऱ्या बाईंकडे बसायला लागले. अंगुस्तान्यात चिंधी घालून. मुरुडच्या चार पोरी तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात निघाल्या, त्यांच्याबरोबर मीही निघाले. गाडी नांदेडहून होती. वाटेत मी लोह्याला उतरले.

आत्या फार वाळली होती. दिसायलाही कमी झालं होतं, माझ्या तोंडावरून हात फिरवून तिने ओळखलं. मी सांगितलं, आत्या, मला लई भेव वाटून राहिलंय, तिथली भाषासुद्धा येत नाही. ती म्हणाली, "हाताला कुठं भाषा लागती? टाके घाल." मग चाचपडत आत गेली आणि एक स्टीलचा डबा घेऊन आली, शेंगदाण्याच्या चटणीने भरलेला. "डबा प्रल्हादच्या बायकोचा हाय. वापस आनून द्यायचा. इसरू नगंस." तो परत करायला मला यावंच लागेल, हे तिने धरून ठेवलं होतं.

आत्या गेल्याचा फोन मला कारखान्यात मशीनवर असताना आला. रजा मिळून, गाडी मिळून पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. बाबा म्हणाले, "येऊ नगं. आता येऊन काय." फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही. शेवटी बाबा म्हणाले, "न्यायला येतो म्हनलो व्हतो मी तिला." मशीन चालू होतं. मी टाके घालत राहिले, कारण दुसरं काही मला कोणी शिकवलेलं नाही.

इथे आम्ही पोरी खोल्या सारख्या बदलतो. भाडं वाढलं की बदल, घरमालकीण रागावली की बदल. प्रत्येक वेळी मला तीच भीती वाटते, इथूनही कोणी वाटेत उतरवलं तर. सामान बांधताना तो डबा माझ्याकडे असतो. तो प्रल्हाददादाच्या बायकोला परत द्यायचाच आहे. ती फोनवर म्हणते, "राहू दे वं सुने, डब्याचं काय एवढं." पण आत्याने सांगितलंय. पुढच्या सुट्टीत जाईन, लोह्याला उतरेन. त्यात काय भरून न्यावं ते अजून ठरत नाही. तोवर खडेमीठ घालून ठेवलंय.