म्हाताऱ्या इंजिनाचा पोळा

माझ्या जाऊबाईंच्या थोरल्या भावाएवढा बैलवेडा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्या दारात बैल नाही. शेवटची जोडी गेली, शेतात ट्रॅक्टर आला, भाऊ घाटावर गावाची बोट चालवू लागले. पण गोठ्यातले खुंटे त्यांनी उपटले नाहीत. जे जे फिरतं, ओढतं किंवा घरघरतं, ते सगळं त्यांच्या लेखी गुरांत मोडतं. मिक्सरवर चटणी वाटून झाली की त्यावर लगेच मसाला वाटायची त्यांच्या घरात सोय नाही. आधी मिक्सर खिडकीत वाऱ्याला ठेवायचा. एसटी चढावर धापा टाकू लागली की मागच्या सीटवरून ड्रायव्हरला ऐकवतात, "पोट भरलेलं हाय तिचं, दमानं घ्या!" एकदा माझी स्कूटी त्यांच्या अंगणात अडून बसली. किका मारून मी घामाघूम. भाऊंनी हँडलवर थोपटलं, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मारू नका जी तिले. रुसली हाय." जरा वेळानं स्कूटी पहिल्या किकेत चालू झाली. पेट्रोल जास्त झालं होतं, थांबल्यावर उडालं, असं मी त्यांना नीट समजावून सांगितलं. "हाव," भाऊ म्हणाले, "म्हणजे रुसवा गेला."

मी नदीपलीकडच्या उपकेंद्रात नर्स आहे. पावसाळ्यात माझी सगळी भिस्त भाऊंच्या बोटीवर, आणि बोटीची भिस्त मागच्या फळीला टांगलेल्या म्हाताऱ्या इंजिनावर. हे इंजिन दर फेरीला नदीच्या मधोमध, काळ्या खडकापाशी हमखास बंद पडायचं. भाऊ खडकाला दोर टाकायचे, खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढून निवांत घोटायला बसायचे. मी लसींचा डबा मांडीवर घेऊन ओरडायची, "भाऊ, बर्फ वितळून राहिला!" त्यावर ठरलेलं उत्तर : "दम घेऊन राह्यला बाई तो. तुमी नाई का चहा घेत?" खर्रा घोटून झाला की दोरी ओढायची, इंजिन खोकत खोकत चालू व्हायचं. एक दिवस बोटीत सरपंचबाई होत्या आणि त्यांना तालुक्याला मीटिंग गाठायची होती. त्या दिवशी म्हाताऱ्यानं दम जरा जास्तच घेतला. मीटिंग हुकली. पंधरवड्याच्या आत चंद्रपूरहून नवं इंजिन आलं.

ते बसवायला आलेला मेकॅनिक एवढंच म्हणाला, "काका, सुरुवातीले जरा हळू चालवा, एकदम पळवू नका." बिचाऱ्याला कल्पना नव्हती आपण कोणाला काय सांगतो आहोत. भाऊंचे डोळे पाणावले. आयुष्यात पहिल्यांदा एक शिकलेला माणूस शहाण्यासारखं बोलला होता. पण जुन्याचे स्क्रू सोडायला पाना लावला मात्र, भाऊ आडवे झाले. "हे काऊन काढून राह्यला? नवा गोऱ्हा कोणी एकटा जुंपते का? बुढ्याच्या बाजूले लावा त्याले, पाहूनपाहून शिकते तो."

म्हणून जोडी जुंपली गेली. फळीवर डावीकडे चकचकीत नवं, उजवीकडे तोंडाला फडकं बांधलेलं जुनं. मागच्या वजनानं बोटीचं नाक आभाळात गेलं, भाऊंना पुढचं दिसेना. त्यांनी बोटीतल्या माणसांवरून एक नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली. "बाई, तुमी समोर बसा." मी समोर बसले. बोट सरळ झाली. ह्यावर घाटावर जे हसू झालं ते मी इथं लिहीत नाही. त्यानंतर नाकावर मी कायमची. ज्या दिवशी मी रजेवर असे, त्या दिवशी माझ्या जागी सिमेंटची पोती ठेवत, असं मला जाऊबाईंनी आनंदानं कळवलं.

नवं इंजिन हळू चाललं. आषाढ गेला, श्रावण सरत आला, तरी हळूच. एकदा पोहणारी म्हैस आम्हाला मागे टाकून गेली आणि काठावर चढून आमच्याकडे वळून पाहत उभी राहिली. शेवटी सरपंचबाई घाटावर आल्या. "भाऊ, पोळ्यापर्यंत बुढा उतरला नाई, तर बोट दुसऱ्याच्या हाती देतो आमी. मंग घरी बसून खुंटे पाहा." भाऊ हसले नाहीत. गोठा रिकामा होताच. घाटही सुटला असता तर त्या हातांनी थोपटायचं तरी कोणाला?

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी बोटीत चढले. माझाही स्वार्थ होताच. नाकावर बसून माझी कंबर धरली होती. "भाऊ, आज खांदशेकणी. कोणाचे खांदे शेकणार?"

"दोघायचे."

"नव्याचे शेका. म्हाताऱ्याचे कशाला? तो ओढत नाही न् बसतही नाही. नुसता जुवात उभा आहे. तुमच्या गोठ्यात असा बैल असता तर काय केलं असतं?"

भाऊंनी खर्रा घोटला. पलीकडचा काठ येईपर्यंत घोटला.

"सोडला असता," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी स्वतः पाना घेतला. बैलाच्या खांद्याला चोळतात तसं स्क्रूंनी आवळलेल्या जागी हळद-लोणी चोळलं, आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं रीतसर आमंत्रण दिलं. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांच्या रांगेत एक हातगाडी उभी होती. तिच्यावर झूल पांघरलेलं, बाशिंग बांधलेलं इंजिन. बैलांपुढं म्हणायच्या झडत्या, म्हणजे जोडकवनं, सुरू झाली तसे भाऊ पुढे आले :

"पेट्रोल पेला, धूर सोडला,
भरल्या नदीचा पाट तोडला,
खडकापाशी रोज अडला,
मालकानं त्याले कधी नाई झोडला…
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

गाव लोळून हसलं. सरपंचबाईंनी मात्र न हसता हातगाडीला ओवाळलं, पुरणपोळीचा तुकडा इंजिनापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "उद्यापासून नव्याले पळवा."

आता बोट पळते. नाक खाली आलं, समोर वजनाची गरज उरली नाही. मी मागे सावलीत बसते. जुनं इंजिन गोठ्यात खुंट्याला बांधलेलं आहे, खरंच दाव्यानं. भंगारवाला दोनदा विचारून गेला. दुसऱ्यांदा भाऊंनी त्याला चहासुद्धा दिला नाही.

नवं इंजिन कधी बंद पडत नाही. तरी काळा खडक आला की भाऊ स्वतःच ते बंद करतात, दोर टाकतात, खर्रा काढतात. "याले बी ठिकाण माहीत पाहिजे जी," म्हणतात. बोटीतली माणसं पाय पसरतात. मीही लसींचा डबा मांडीवर घेऊन पाण्याकडे पाहत बसते. बर्फ चांगला असतो हल्ली; तेवढा वेळ टिकतो.