सर्वांत गुप्त तळं

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत. मूळचे पुण्याचे, आणि सनफिश, म्हणजे गोगलगायी खाणारे छोटे मासे, पकडण्याच्या नादात पार वाया गेलेले. कुठलाही कालवा दिसला की सायकल थांबवून काठाशी उकिडवे बसतात आणि पाण्यात गोगलगायी शोधतात. "गोगलगाय गुबगुबीत, तर मासा मोठा. लिहून घ्या." फोन टायमरवर लावून माशाबरोबर फोटो काढतात, पण जागा कुणाला ओळखू येऊ नये म्हणून मागे कुणालातरी जुनी चादर धरायला लावतात.

फार मागे लागलो तेव्हा एका शनिवारी ते मला आपल्या सर्वांत गुप्त तळ्यावर न्यायला तयार झाले. रस्ता माझ्या लक्षात राहू नये म्हणून त्यांनी एकाच सुपरमार्केटला तीनदा वळसा घातला. तासाभराने पोचलो, तर ते मी राहतो त्याच इमारतीमागचं तळं! पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला सांगवेना. तळहातात न मावणारा सनफिश खरंच त्यांच्या गळाला लागला. मी मुकाट्याने चादर धरली.

तेवढ्यात आमच्या बाल्कनीतून माझी बायको ओरडली, "अहो, दोघांचा चहा टाकू का?"

गृहस्थ मासा छातीशी धरून कुजबुजले, "वहिनींचा फोन का? कुठे आहोत ते सांगू नका हं!"