दहा किलोचा नट

माझ्या दाजींना नट हातानं आवळता येत नाही, असं नाही. मनगट त्यांचं चांगलं जाड आहे. पण त्या मनगटावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "आज पोटभर जेवलो तर जास्त आवळणार, बायकोशी भांडलो तर त्याहून जास्त. त्यात नटाचा काय दोष?" असं ते म्हणतात. म्हणून शनिवार-रविवारी आपल्या जुन्या ट्रकखाली शिरले की ते पान्याच्या दांडीवर लोखंडी नळी चढवतात, नळीच्या शेंड्याला तारेच्या कडीत स्प्रिंगचा ताणकाटा अडकवतात आणि काट्यावर आकडा येईपर्यंत ओढतात. नटापासून काट्यापर्यंत बरोबर एक मीटर. मोठा नट दहा किलोचा, छोटा सहाचा. आकडा आला की थांबायचं आणि नटावर ताईच्या लाल नेलपॉलिशची रेघ ओढायची. रेघ पडली की त्या नटाचा विषय संपला. मग त्याला पुन्हा हात लावणाऱ्याची खैर नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिनं आजवर नखाला नेलपॉलिश लावलेलं मी पाहिलं नाही. बाटल्या मात्र घरात डझनभर.

दाजींचा हा स्वभाव धंद्यातून आलाय. सोमवार ते शुक्रवार ते दुकानादुकानातले वजनकाटे तपासतात आणि दुरुस्त करतात. हातात लाकडी पेटी, पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळी वजनं. ते दारात दिसले की दुकानदार आधी पंखा बंद करतो, कारण वाऱ्यानं काटा हलतो आणि हललेल्या काट्यावर दाजी सही करत नाहीत. एकदा एका धान्यवाल्याची लबाडी कुणालाच सापडत नव्हती. वजनं खरी, पारडी साफ, काटा मधोमध उभा. दाजींनी खिशातली पट्टी काढून तराजूची दांडी मोजली. एक बाजू बोटभर लांब! तेव्हापासून ते ज्याला-त्याला सांगत सुटले, "लोक वजन बघतात, काटा बघतात. दांडी कुणी बघत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. आम्हाला ते ऐन वेळी कुणालाच आठवलं नाही, खुद्द दाजींनासुद्धा.

ट्रकचं नाव टोणगा. चारही चाकं ओढणारा, मागं उघडा हौदा असलेला, ताईच्या लग्नाआधीचा. दाजींच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्याच्यावर अर्धं आयुष्य दगड वाहिले. गुडघे गेले तेव्हा त्यांनी किल्ली खुंटीला टांगली आणि टोणगा अंगणात उभा राहिला, बरोबर आबांच्या खिडकीसमोर. दाजींनी तो हातात घेतला त्याला आता सहा वर्षं झाली. शनिवारी सकाळी माणूस खाली शिरतो, रविवारी संध्याकाळी बाहेर निघतो. पत्रा नवा केला, वायरिंग नवं केलं, सीटचा फाटका रेक्झिन काढून जाड कापड शिवून घेतलं. ताई म्हणते, "माझ्या सवतीचं सगळं अंग नवं झालं, माझी कंबर तेवढी जुनीच राहिली."

तरी ताईला टोणगा हवाच होता. टेकडीच्या माथ्यावर तिनं रोपवाटिका लावलीय. माती, खत, कुंड्या, सगळं खालून वर न्यावं लागतं आणि वाट अशी की साधी गाडी पहिल्याच वळणावर रामराम करते. टोणगा गेला तर वाटिका गेली, असा सरळ हिशोब.

आणि टोणगा जायची वेळ आली होती. महिन्यापूर्वी आबा हट्टानं वाटिका बघायला निघाले. अर्ध्या चढावर मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडला, चाक तिरकं झालं आणि आबा चार तास भर उन्हात केबिनमध्ये बसून राहिले. उतरून चालायला गुडघे नाहीत, आणि तोंड तेवढं ठणठणीत! घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला.

"कागद माझ्या नावावर आहेत. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी भंगारवाला बोलावलाय."

"आबा, पाटे नवे घालतो," दाजी म्हणाले.

"घाल की. सोमवारच्या आदल्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत, भरला ट्रक माथ्यावर ने. मी शेजारी बसणार. चढावर मधे एकदा जरी थांबलास तरी भंगार. सूर्य बुडाला तरी भंगार."

"चालेल," दाजी म्हणाले. चहात साखर कमी चालेल का विचारल्यावर म्हणावं तसं.

शेवटच्या शनिवारी मी मदतीला गेलो. दाजींनी नुसते पाटे बदलले नव्हते, एक पाटा वाढवलाही होता. पुढं नवे शॉकअब्सॉर्बर, मधल्या शाफ्टला नवे बोल्ट. मी खाली झोपून पाना धरायचा आणि दाजींनी काटा ओढायचा. आबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले.

"अरे, नेलपॉलिशवर ट्रक चालवतोस होय?" आबा ओरडले. "आमच्या वेळी घामावर चालायचा."

"म्हणूनच गंजलाय आबा. घामात मीठ असतं," दाजी खालून म्हणाले.

रविवारी दुपारपर्यंत चव्वेचाळीस नट झाले. चव्वेचाळीस लाल रेघा. ताईनं आणि मी खताची वीस पोती चढवली. तीनच्या सुमाराला दाजी म्हणाले, "गावाबाहेरच्या खडबडीत रस्त्यानं एक चक्कर मारून येऊ. मग आबांना घेऊ."

चक्कर मारली. येताना मागून आवाज. ठक. खड्डा आला की ठक. दाजींच्या कपाळाला आठी पडली. अंगणात आल्यावर ते खाली शिरले, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाटे धरणारे चार नट हललेत."

"रेघेवालेच का?"

"रेघेवाले."

मला हसू आलं, पण त्यांचं तोंड बघून मी ते गिळलं. दाजींच्या रेघेचा नट ढिला होणं म्हणजे देवळातल्या देवानं कूस बदलण्यासारखं. त्यांनी पेटी उघडली, पाच किलोचं पितळी वजन काढलं आणि ताणकाट्याला टांगलं. काटा पाचावर. दुसरं टांगलं. दहावर. केसभरसुद्धा इकडंतिकडं नाही.

"नटच हलके असतील," मी म्हणालो. "ते चार अंदाजानं आवळू आणि निघू. साडेतीन वाजलेत."

आबांनी मनगटावरचं घड्याळ मुद्दाम वर करून बघितलं.

दाजींनी काटा खाली ठेवला, नळी उचलली, मांडीवर आडवी घेतली. मग खिशातली पट्टी काढली. धान्यवाल्याच्या दांडीला लावलेली तीच पट्टी. नळी पान्यावर चढवून मोजली, पुन्हा मोजली, आणि हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये."

ताई पदराला हात पुसत आली.

"ही नळी कुणी कापली?"

"मी. शुक्रवारी. तिचं तोंड फाटलं होतं ना. वीतभर उडवलं, कानसीनं साफ केलं. वाटिकेतल्या मांडवाला खुंटी पण झाली. सांगायचं राहिलं बघा."

"वीतभर!"

"मग? 'तोंड फाटलंय, कुणी साफ करत नाही' म्हणून आठवडाभर कोण बोंबलत होतं?"

"साफ कर म्हणालो होतो. छाट म्हणालो नव्हतो."

"फाटलेलं न छाटता साफ कसं होतं, ते दाखवा एकदा मला."

दाजींनी पट्टीवरचा आकडा आम्हाला दाखवला. एक मीटरची दांडी अठ्ठ्याहत्तर सेंटीमीटरची झाली होती. काट्यावर दहा किलो दिसत होते, पण नटाला दहाचा पीळ बसतच नव्हता, पावणेआठच्या आसपास बसत होता. आणि दोन दिवस हा माणूस फक्त काट्याकडं डोळे लावून ओढत होता.

आबांना सगळं कळलं. खुर्चीत मागं रेलून ते म्हणाले, "दांडी कुणी बघत नाही, नाही का रे?"

दाजींचे कान लाल झाले. मग स्वतःच फसकन हसले. "नाही बघितली आबा. आज धान्यवाला मीच."

"मग ते चार आवळा आणि चला," मी पुन्हा म्हणालो.

"चार का? त्याच दांडीनं चव्वेचाळीस मोजलेत. काटा खोटा निघाला तर कमी वजन मिळालेल्या एकाच गिऱ्हाइकाला बोलावून भागत नाही. सगळ्यांना परत बोलवायचं."

"सूर्य थांबणार नाही हं," आबा म्हणाले.

"नट पण थांबणार नाहीत आबा. चढावर तुम्हीच शेजारी असणार."

आबांनी घड्याळ खाली केलं.

नवी नळी आणायला वेळ नव्हता, आणि दाजींना तिची गरजही वाटली नाही. पेन्सिलीनं पोत्यावरच गुणाकार मांडला. "दांडी अठ्ठ्याहत्तर. म्हणजे दहाला बारा किलो आठशे ओढायचं, सहाला सात सातशे. लिहून ठेव."

ताईनं साडी खोचली आणि सरळ ट्रकखाली शिरली. "सरक रे, तुला पाना धरता येत नाही. सारखा घसरतोय." मला काट्याचा आकडा वाचायला बसवलं. लाल रेघांवर पुन्हा लाल नको म्हणून तिनं मोरपंखी बाटली आणली. बारा आठशे, रेघ. बारा आठशे, रेघ. एक नट पाव फेरा सरकला, दुसरा जरा कमी, पण सरकला प्रत्येक. दाजी दर वेळी नुसतं "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये घाई म्हणून नव्हती. मीच दर आकड्यानंतर उन्हाकडं बघत होतो.

शेवटची रेघ ओढली तेव्हा अंगणातली सावली भिंतीवर चढली होती. आबांना दाजींनी आणि मी उचलून केबिनमध्ये बसवलं. ताई आणि मी मागं पोत्यांवर.

टेकडीच्या पायथ्याशी पोचलो. पश्चिमेला समोरचा डोंगर आडवा, सूर्य त्याच्यामागं गेलेला. दाजी उतरले, पुढची चाकंही ओढायला लागावीत म्हणून त्या दोन्हींचे हब हातानं फिरवून लॉक केले आणि परत येऊन बसले. आबांचा आवाज मागच्या खिडकीतून स्पष्ट आला.

"सूर्य बुडाला."

"खाली बुडाला," दाजी म्हणाले. "आपण वर चाललोय." आणि फोर व्हीलचा दांडा ओढला.

ताईनं माझा दंड धरला. "जातो का रे?"

"बारा आठशे आहेत ताई. जाईल."

टोणग्यानं मान खाली घातली आणि चढायला लागला. पहिलं वळण गेलं. दगड चाकाखालून उडाले, पोती हलली, पण ठक आली नाही. अर्ध्या चढावरची ती जागा आली, जिथं आबा चार तास बसले होते. पुढं मोठा खडक, त्यावरून चाक न्यावंच लागतं. इंजिनाचा सूर खाली उतरला. दाजींचा हात गिअरकडं सरकताना मला दिसला.

"बदलू नकोस!" आबा गरजले. "त्याच गिअरात राहू दे. आता मरगळेल, मग उचलेल. मला माहितीय तो."

दाजींनी हात मागं घेतला. टोणगा मरगळला. अगदी बसतोय की काय असं वाटलं. मग पुढची दोन चाकं खडकावर, मग मागची दोन, आणि आम्ही पलीकडं. मागून मला आबांची मान तेवढी दिसत होती, चांगली ताठ.

माथ्यावर पोचलो तेव्हा रोपं सावलीत होती. पण ताईच्या पाण्याच्या टाकीच्या वरच्या भागावर हातभर ऊन होतं. पिवळं, तिरकं, अगदी शेवटचं. दाजींनी इंजिन बंद केलं आणि टाकीकडं बोट दाखवलं.

आबांनी बराच वेळ त्या उन्हाकडं बघितलं. ते वर सरकलं, कडेवर आलं आणि विझलं.

"टाकी जरा उंचच बांधलीय सूनबाईनं," ते म्हणाले.

"मुद्दामच, मामंजी," ताई म्हणाली आणि पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

सोमवारी सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. आबा अंगणात खुर्चीवर. दाजी पेटी घेऊन कामावर निघालेले. भंगारवाल्यानं टोणग्याला एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि विचारलं, "हाच ना?"

"त्याला पाय लावू नकोस," आबा म्हणाले. "तुझा माल तिकडं." कोपऱ्यात मोडका पाटा, जुने शॉकअब्सॉर्बर आणि गंजके नटबोल्ट ढीग करून ठेवले होते. भंगारवाल्याचं तोंड उतरलं, पण त्यानं गाडीवरून तराजू काढला, लोखंड पारड्यात टाकलं आणि काटा आबांपुढं धरला.

"बघा आजोबा, मधोमध आहे की नाही?"

"काटा ठेव बाजूला," आबा म्हणाले आणि दाजींच्या खिशाकडं हात पसरला. "पट्टी दे रे इकडं."