घडी न मोडलेले गाऊन

माझी आत्या लॉन्ड्री चालवायची, आणि डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा कपड्यांवरून ताडलेलं तिला जास्त खरं वाटायचं. कॉलेज सुटलं की मी दुकानात जाऊन बसायचे. तो वाफेचा वास आणि तिची बडबड आठवली की अजून गलबलून येतं. गठ्ठा सोडता सोडता ती सुरू व्हायची. "खांद्यावर दुधाचे डाग. घरात बाळ आलेलं दिसतंय." निम्मे अंदाज साफ चुकायचे. त्या घरी बाळ नव्हतं, मांजर निघालं. पण माघार घेईल ती आत्या कसली! "मग? मांजर दूध पीत नाही?"

मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक टायपिस्ट काका राहायचे. काकूंना उपचारांसाठी परगावी नेल्याचं ऐकलं होतं, पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं. दर सोमवारी काका दाराबाहेर पिशवी ठेवायचे. त्यात त्यांचे शर्ट आणि काकूंचे दोन गाऊन.

"काकू परत आल्या की काय?" शेजारणीने एकदा विचारलंच.

"आल्या असतील," आत्या म्हणाली. "कपडे येतायत ना."

पण ते गाऊन मीही पाहिले होते. आत्याने घातलेली घडी मोडलेलीच नसायची. तरी ती ते पुन्हा धुवायची, इस्त्री करायची आणि पाठवून द्यायची. मी काही विचारायला गेले की डोळे वटारायची.

एका सोमवारी पिशवीत नुसते गाऊनच आले, शर्ट एकही नाही. आत्याने हातातली इस्त्री बंद केली.

"हा माणूस अंथरुणातून उठलेला दिसत नाही. पिशवी तेवढी कशीबशी बाहेर ठेवली असणार. चल!"

दार नुसतं लोटलेलं होतं. एरवी गिऱ्हाइकाच्या दारातूनच मागे फिरणारी आत्या थेट आत घुसली. काका तापाने फणफणले होते. तिने त्यांना पाणी पाजलं आणि मला डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं," असं बजावून ते गेले.

काकांनी डोळे उघडले. पलंगाच्या रिकाम्या बाजूकडे बघत राहिले.

"वहिनी बाहेर गेल्या असतील," आत्या हळूच म्हणाली. "येईपर्यंत बसते मी."

काकांनी मान हलवली. "नाही हो. ती गेली. वर्ष होत आलं." बोलले आणि हुंदके देऊन रडायला लागले.

आत्याने त्यांना रडू दिलं. मग खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि विचारलं, "वहिनींचं नाव काय हो?"