दसऱ्याचं धुणं आणि माझं मनगट

शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर माफ करावं. मी चौथीपर्यंतच शिकले, आणि ज्या हाताने लिहिते तो एकदा मोडलेला आहे. वाचणार कोणी नाही, तरी सवयीने माफी मागते. माफी मागायची ही सवयच मला नडली.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही तुर्भ्याला वस्तीत राहायचो. मी पावणे गावातल्या एका छोट्या कारखान्यात फिनेलच्या बाटल्यांना हाताने झाकणं आवळायचे. नळावर पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. एक्स-रे, प्लास्टर, सगळ्याचे पैसे शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या जाऊबाईंनी दिले. प्लास्टर निघालं तेव्हा हातात पाण्याचा पेला धरवेना. सुपरवायझर म्हणाला, दिवाळीपर्यंत जागा ठेवतो, झाकण आवळता आलं तरच ये.

दवाखान्यात एक बाई हाताचे व्यायाम शिकवायच्या. मऊ चेंडू मुठीत दाबायचा. बोटांना रबर अडकवून ती उघडायची. हात टेबलावर टेकवून मनगट काठाबाहेर ठेवायचं आणि पाण्याचा तांब्या हळू वर-खाली करायचा. ओला टॉवेल पिळायचा. दुखलं की थांबायचं.

जाऊबाईंनी त्यातलं टॉवेलाचं तेवढं ऐकलं. नवरात्र तोंडावर होतं, आणि आम्हा साताऱ्याकडच्या लोकांत घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात. त्या म्हणाल्या, "टॉवेलानं काय हुतंय? गोधड्या पीळ. हाताला ताकद यील आन् धुणंबी निघंल."

मग काय, गल्लीतल्या बायकाही आपापल्या गोधड्या घेऊन आल्या. फुकटची तालीम मिळतीय हिला, असं एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

ओली गोधडी पिळायला दोघी लागतात, दोन टोकांना एकेक. माझा व्यायाम कमी पडू नये म्हणून त्यांनी दुसरं टोक खांबाला बांधलं. मी एकटी पीळ देत होते आणि त्या पायऱ्यांवर बसून गप्पा मारत होत्या. नवरा मार्केटात गोणी वाहायचा, हाताची किंमत त्याला तरी कळायला हवी होती. तो म्हणाला, वहिनीचे पैसे आहेत आपल्याकडे, गप कर.

मनगट सुजून कोपरापर्यंत ठणकायला लागलं. दवाखान्यातल्या बाई चिडल्या. टॉवेल म्हणजे टॉवेल, एवढंही कळत नाही का, म्हणाल्या. चौथी शिकलेल्या बाईला टॉवेल आणि गोधडी यातला फरक कळतो. तिला नाही म्हणता येत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी त्यांची सगळ्यात जाड गोधडी माझ्यासमोर टाकली. मी तिला हात लावला नाही.

"जाऊबाई, हा हात गेला तर तुमचे पैसे कुठून देऊ?"

त्या थांबल्या. गोधडी उचलून घेऊन गेल्या. माझा हात दुखतो म्हणून थांबल्या असत्या तर मी सगळं विसरले असते. त्या पैशासाठी थांबल्या.

सूज उतरल्यावर मी दार लावून बाईंनी सांगितलं होतं तेवढंच करायला लागले. आधी रिकामा तांब्या, मग अर्धा, मग भरलेला. चेंडू दाबताना रागाचा चांगला उपयोग झाला.

दिवाळीच्या आधी कारखान्यात गेले. सुपरवायझरने बाटली पुढे केली. मी झाकण आवळलं. त्याने बाटली उलटी धरून हलवली, एक थेंब गळला नाही. उद्यापासून ये, म्हणाला.

पुढे दर पगाराला थोडे थोडे करत होळीपर्यंत जाऊबाईंचे पैसे फेडले. शेवटचे दिले तेव्हा त्यांनी उंबऱ्यातच मोजले आणि हाताला आता बरं वाटतंय का, असं पहिल्यांदा विचारलं. मी उत्तर दिलं नाही. पैसे पूर्ण फिटले होते.