दोरी घेऊन आणलेला कॅमेरा

माझे अब्बा जहाजावर खलाशी होते. वर्षा-दीड वर्षातून एकदा पनवेलला घरी यायचे आणि सुट्टीतला निम्मा वेळ खाडीच्या चिखलात घालवायचे, पक्षी बघत. खलाशांना बंदरोबंदरी नाना नाद लागतात म्हणतात. त्यांना हा लागला होता. अम्मा चिडायची. "इतके महिने पाण्यावर, आणि घरी आलात की पुन्हा पाण्याकडेच," म्हणायची.

घर होतं आजोबांचं, पण ते गेल्यावर मोठ्या चाचांनी दर्शनी भाग आणि अंगण आपल्याकडे ठेवलं आणि मागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. चाचा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. अब्बा समुद्रावर असले की आमचं सगळं चाचांच्या हातात असे. ईदच्या कपड्यांना आम्हाला गठ्ठ्यातलं शेवटचं, डाग पडलेलं कापड मिळे आणि वर चाची चारचौघींत सांगे, "आम्हीच नेसवतो त्यांना."

मी हायस्कुलात होते त्या वर्षी अब्बांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, दोन-तीन सफरी नुसतं बघत होते. जहाज सिंगापूरला लागलं की दुकानात जायचं, कॅमेरा हातात घ्यायचा, परत ठेवायचा. घरी आले तेव्हा त्यांनी अम्माला आणि मला समोर बसवून विचारलं, "दोन तऱ्हेचे आहेत. एकाला वर-खाली दोन डोळे असतात, मान खाली घालून बघायचं. फोटो मोठा, स्वच्छ. पण त्याची लेन्स बदलता येत नाही. दुसरा लहान. त्याची लेन्स काढून दुसरी बसवता येते."

"माणसं कशात चांगली येतात?" अम्मानं विचारलं.

"पहिल्यात."

"मग तोच आणा. बगळ्यांचे फोटो भिंतीला लावणार आहे का कुणी?"

अब्बा हसले. पण त्यांना माणसंही हवी होती आणि पाखरंही, म्हणजे लेन्स बदलणाराच. दुसऱ्या दिवशी विहिरीची जुनी दोरी घेऊन ते अंगणात उतरले. सगळे ओट्यावर बसले आणि फोटो काढणारा समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला, तर मध्ये किती जागा राहते ते त्यांनी दोरीनं मोजलं आणि तिथे गाठ मारली. "दुकानदाराला सांगेन, एवढ्या अंतरावरून माझं अख्खं घर मावेल अशी लेन्स दे. आणि दुसरी पक्ष्यांसाठी. फार लांबडी नको, हातात हलते. चिखलात उभं राहून पेलता आली पाहिजे."

चाचा दुकानात निघाले होते. दारातूनच म्हणाले, "कॅमेरा आणायला निघालाय की बैल?" चाची खळखळून हसली. अब्बांनी दोरी गुंडाळून पेटीत टाकली.

पुढच्या सुट्टीत कॅमेरा आला, दोन लेन्स घेऊन आला. दुकानाबाहेर फुटपाथवर खरंच दोरी अंथरून पाहिलं होतं, असं अब्बांनी सांगितलं. दुकानदारानं आपल्या सगळ्या नोकरांना एका रांगेत उभं केलं आणि अब्बांनी दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून लेन्समागून लेन्स लावून पाहिली. त्या सुट्टीत त्यांनी आधी चाचांच्या कुटुंबाचे फोटो काढले, मग आमचे. तो रोल बाजारात धुवून आणला, पुढचा खाडीवर गेला. मीही बरोबर जायची. ओहोटीच्या वेळी कुदळ्या, तुतारी असली पाखरं चिखलात चोची खुपसत फिरायची. अब्बा मिठागराच्या बांधामागे ओणवे होऊन त्यांच्याकडे सरकायचे आणि मला म्हणायचे, "आधी डोळा साफ दिसू दे. डोळा साफ आला की बाकी पाखरू आपोआप येतं."

सुट्टीच्या शेवटी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. तोपर्यंत एकाही फोटोत ते स्वतः नव्हते. जहाजाच्या कागदांवर त्यांचा फोटो असायचा, पण ते कागद कंपनीपाशी. मागच्या दाराच्या पायरीवर ते बसले. मी घरच्या फोटोंची लहान लेन्स लावली, त्यांचा डोळा साफ दिसेपर्यंत तिची कडी फिरवली आणि बटण दाबलं. "आला?" त्यांनी विचारलं. "आला," मी म्हटलं. रोल संपायला थोडा बाकी होता. समुद्रावरची पाखरं टिपून पुढच्या बंदरात धुवून घेतो, असं म्हणून ते गेले. अम्माला तेव्हा दिवस गेलेले होते.

बातमी उरणकडच्या एका खलाशानं आणली. इंजिनखोलीत ताप आला, उतरलाच नाही. दफनही समुद्रातच झालं होतं.

पेटी आणायला चाचा मुंबईला गेले. आणली ती आमच्याकडे नाही आली, त्यांच्या दिवाणखान्यात गेली. कपडे, चादर, साबणाच्या वड्या त्यांनी आमच्याकडे पाठवल्या. अब्बांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मला पुढं बोलावणं आलं. दिवाणखान्यात बाजारातले दोन व्यापारी चहा पीत बसले होते आणि चाचांच्या मांडीवर अब्बांचा कॅमेरा होता.

"हे कसं चालतं दाखव," चाचा म्हणाले.

मी दाखवलं. शेवटी म्हटलं, "चाचा, आत रोल आहे. आकडा बघा, संपला नाही अजून. त्यात अब्बांचा फोटो आहे. मी काढलेला. आधी धुवून आणू या."

"आतून काच बुरसटली असेल, दर्यावरची चीज आहे. बघून घेऊ," एक व्यापारी म्हणाला.

चाचांचा अंगठा मागच्या झाकणावर गेला. मी पुढं झाले. "ते नका उघडू. लेन्स पुढून काढून बघता येते, रोलला काही होत नाही. झाकण उघडलं तर सगळं जाईल."

दुसरा व्यापारी हसला. "पोरीकडून शिकून घ्या, शेठ."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. काय होईल ते त्यांना कळलं नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. मी नीट, सोप्या शब्दांत सांगितलं होतं. त्यांनी झाकण उघडलं. आणि नुसतं उघडून थांबले नाहीत. फिल्मचं टोक चिमटीत धरून ती रिबिनीसारखी ओढत बाहेर काढली, शेवटपर्यंत. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं.

"यात कुठं दिसतोय तुझा बाप?" ते म्हणाले आणि फिल्म माझ्या पायाशी टाकली.

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. "चोर" म्हटल्याचं आठवतं. तेवढ्यात अम्मा आतून आली. तिनं भरल्या पोटानिशी माझा दंड धरला आणि त्या परक्या माणसांसमोर माझ्या थोबाडीत मारली. मग चाचांना म्हणाली, "माफ करा भाईजान. लहान आहे, बापाविना वेडी झालीय."

"भावाची चीज भावाकडेच राहील," चाचा म्हणाले. लांब लेन्स त्यांनी ठेवून घेतली. लहान लेन्स काढून अम्मापुढं सारली. "ही असू द्या तुमच्याकडे, त्याची आठवण."

कॅमेऱ्याशिवाय लेन्स आमच्या काय कामाची! अम्मानं ती पदरात घेतली आणि दुवाही दिली.

फिल्म मी गुंडाळून बाजारातल्या फोटोवाल्याकडे नेली. त्यानं मी फारच विनवल्यावर धुतली. बाहेर आली ती कोळशासारखी काळी. "काही नाही ग यात," तो म्हणाला. मी त्याला ती परत परत उजेडात धरायला लावली.

रात्री मी अम्माकडे पाठ करून झोपले. ती अंधारात म्हणाली, "तुझ्या चाचांनी घराबाहेर काढलं तर हे पोर कुठं जन्माला घालू? सांग." भाऊ झाला तो त्याच खोलीत झाला.

चाचांना पाखरं काही जमली नाहीत. पहिल्या थंडीत ते मोठ्या थाटात खाडीवर जायचे, कोळ्यांच्या पोरांना पाखरं हाकलून जवळ आणायला सांगायचे आणि एकही उडाल्याशिवाय राहायचं नाही. एकदा त्यांनी अंगणातल्या आंब्यावरच्या घरट्याभोवतीच्या सगळ्या फांद्या छाटल्या, फोटोत सावली नको म्हणून. पिल्लं उन्हात मेली. फोटो धूसर आला. मग कॅमेरा कपाटात गेला.

काही वर्षांनी त्यांच्या मुलाचा निकाह ठरला. बायकांसकट अख्ख्या घराचा फोटो हवा, पण बाहेरचा फोटोवाला बायकांसमोर नको. चाची मागच्या दाराला आली. "लांबड्या काचेतून नुसती तोंडं दिसतात. ती दुसरी आहे ना तुमच्याकडे? आणि पोरीलाही पाठवा. येतं तिला." त्या दारात ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आली होती.

अम्मानं आपल्या ट्रंकेतून लेन्स काढली, पदरानं पुसली आणि मला दिली.

"मी नाही जाणार," मी म्हटलं.

"जायचं. आणि नीट काढायचा."

"मी बिघडवेन."

"तुझं लग्न कोण ठरवणार आहे?" अम्मा म्हणाली. "माझा बाप येणार आहे का कबरीतून? भावाची फी कोण भरतं? नीट काढायचा."

सगळे ओट्यावर बसले. अम्माही कडेला येऊन उभी राहिली होती, इस्त्रीची ओढणी घेऊन. चाची गोड आवाजात म्हणाली, "भाभी, जरा बिर्याणीकडे बघता का? बाईमाणूस कुणी नाही तिथं." अम्मा गेली. माझ्या लहान भावाला चाचांच्या नोकरानं बाजूला ओढलं, कारण त्याच्या सदऱ्याला ठिगळ होतं. मी समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. घर बरोबर मावत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी चाचांचा डोळा साफ दिसेपर्यंत कडी फिरवली. हात हलू दिला नाही. तसा चांगला फोटो मी पुन्हा कधी काढला नाही.

तो मोठा करून दिवाणखान्यात लावला गेला. येणाराजाणारा विचारायचा, कुठल्या स्टुडिओत काढला? चाचा म्हणायचे, "घरीच काढलाय, माझ्या कॅमेऱ्यानं."

माझं लग्न चाचांनी ठरवलं, कळंबोलीकडच्या एका बिजवराशी. तो भाग वेगळा. ईदेला मी माहेरी आले होते तेव्हा भाऊ दहा-अकरा वर्षांचा झाला होता. जेवताना त्यानं अचानक अम्माला विचारलं, "अब्बा कसे दिसायचे?"

मी सांगू शकले असते अशी माझी समजूत होती, पण त्या क्षणी आठवायला गेले तर मला बांधामागची ओणवी पाठ दिसली, चिखलानं भरलेले पाय दिसले. चेहरा येईना.

अम्मानं त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "तुझ्या चाचांसारखे. अगदी तसेच. जुळे वाटायचे."

भाऊ जेवण तसंच ठेवून उठला. मी त्याच्यामागून गेले. दिवाणखान्यात कुणी नव्हतं. तो खुर्चीवर चढला होता आणि मी काढलेल्या फोटोतल्या चाचांच्या तोंडावरून बोट फिरवत होता, कपाळावरून, नाकावरून, मिशीवरून. मी त्याला उतर म्हटलं नाही.