बाईंचा राजीनामा

"पुण्यात समुद्रकिनारा नाही हो," चप्पल घालून मैदानात शिरणाऱ्या प्रत्येक पालकाला बाई हे ऐकवत. आधी माणसाच्या पायांकडे बघायचं, मग चेहऱ्याकडे. माझीही पहिली ओळख अशीच झाली. मुलीला फुटबॉलला घालायला म्हणून मी विश्रांतवाडीच्या त्या मैदानावर गेले आणि चपला हातात घेऊन परत आले.

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलींचा क्लब काढला. अध्यक्ष त्याच. गोल झाला तरी टाळ्या नाहीत. फार तर म्हणायच्या, "बरं होतं. पुन्हा जमेल का बघा." पुण्यात याला कौतुक म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको.

कोच म्हणून त्यांनी आणला तो त्यांचाच जुना विद्यार्थी. लहानपणी घरचं काही धड नव्हतं, तेव्हा तो बाईंकडेच जेवायचा. मुली त्याला सर म्हणत, बाई अजून "अरे बाळा" म्हणत.

एकदा आमची गोलकीपर यायची बंद झाली. वाघोलीच्या पलीकडून दोन बस बदलून येणारी, कधी न चुकणारी पोर. बाई मला म्हणाल्या, "चला, घरी जाऊन बघू."

तिच्या आईने चहा ठेवला. पोर दाराआडच उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "सर म्हणत्यात, टीममधी ऱ्हायचं असंल तर एकटी घरी ये. नाही गेले, तर बाहेर बसवलं. मेसेज पण हायेत, बाई. लई घाण."

मला वाटलं, बाई उलटतपासणी घेणार. त्यांनी एवढंच विचारलं, "तुला काय हवंय?"

"मला खेळायचंय."

परतताना बसमध्ये बाई खिडकीबाहेर बघत होत्या. नगर रोडच्या गर्दीत बस अडकली, तेव्हा म्हणाल्या, "त्याला मी माझ्या हाताने वाढलंय हो."

दुसऱ्या दिवशी तो आला आणि त्यांचे पाय धरून रडला. "बाई, चुकलो. एकदा सांभाळून घ्या." बाई म्हणाल्या, "पाय सोड. जे सांगायचंय ते पोलिसांना सांग."

कमिटीतली मंडळी घाबरली. खजिनदार म्हणाले, "बाई, स्पर्धा तोंडावर आलीय. घरातलं घरात मिटवू. शेवटी मुलीचंच नाव खराब होतं."

"मुलीचं नाव बरं लगेच आठवलं तुम्हाला. त्याचं नाव घ्यायला मात्र जीभ जड होतेय."

मुलगी, तिची आई आणि बाई अशा तिघी चौकीवर गेल्या. तक्रार नोंदवूनच उठल्या.

मग बाईंनी सगळ्या पालकांना मैदानावर बोलावलं. झालेलं सांगितलं, मुलीचं नाव न घेता. आम्हाला वाटलं, संपलं. पण त्या तशाच उभ्या होत्या.

"अजून एक आहे. याआधी एका मुलीने मला सांगितलं होतं, सर विचित्र बोलतात. मी म्हणाले, तू खेळाकडे लक्ष दे. ती खेळ सोडून गेली. त्याला आणणारी मी, तिचं न ऐकणारीही मी. तेव्हा अध्यक्षपद मी सोडतेय."

गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "बाई, तुम्हीच तर त्याला धरून दिलंत!"

"अहो, म्हणून काय आता हार घालता मला?"

आणि त्या खरंच गेल्या. कोर्टात केस उभी राहिली, ती अजून चालू आहे. त्याला आता कुठल्याच मैदानावर कोणी उभं करत नाही. गोलकीपर परत आली. हल्ली कोच म्हणून दुसऱ्या एक बाई आहेत. माझी लेक त्यांच्याकडेच शिकते. पण आमच्या बाई पुन्हा कधी मैदानावर आल्या नाहीत. बोलवायला गेलं की म्हणायच्या, "माझ्यावाचून अडतंय का? नाही ना? मग झालं."

गेल्या हिवाळ्यात झोपेतच त्या गेल्या. घरी भेटायला आलेल्यांत एक तरुणी कोपऱ्यात बसली होती. कुणाच्याच ओळखीची नव्हती. मी विचारलं, "तुम्ही?"

"मार्केट यार्डात आमचा गाळा आहे. पूर्वी क्लबात खेळायचे. मीच सांगितलं होतं बाईंना. पहिल्यांदा."

तीच पुढे म्हणाली, "माफी मागायला आल्या, तेव्हा मी तोंडावर दार लावलं. परत आल्या. परत लावलं. मग एकदा म्हटलं, तेव्हा ऐकायला हवं होतंत. 'हो' म्हणाल्या. एवढंच. कारणं नाही सांगितली."

तिने डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

"पुढे पुढे माफीचं काही बोलायच्याच नाहीत. यायच्या, माझ्या शेजारी गोणपाटावर बसायच्या आणि लसूण निवडायच्या."